जेलातलं सोयर

प्रभावतीला जेलात नोकरी लागली ती तिच्या अंगापिंडावरून. हळर्णची मुलगी, डोक्यावर भाताचे भारे घेऊन चढण चढलेली. लग्न होऊन साखळीला आली तेव्हा सासू तोंडावर पदर धरून म्हणाली होती, "ही सून की पैलवान गो?" नवरा जयराम खाणीवर ट्रक चालवायचा. त्याच्याच ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं, की तालुक्याच्या जुन्या जेलात बायकांच्या कोठडीवर एक बाई हवीय, सरकारी नोकरी, खाकी साडी. प्रभावती गेली, साहेबानं तिचे दंड बघितले आणि घेतली. कागदावर ती मेट्रन होती. हाक मारताना सगळे प्रभाबायच म्हणायचे.

त्या जेलाचं नाव कशाला घ्यायचं! पोर्तुगीजांच्या वेळची इमारत, बाहेरून चुना, आत शेवाळ. गोवा नुकतंच राज्य झालं होतं, कोंकणी राजभाषा झाली होती, आणि जेलाच्या दारावरचा बोर्ड कोंकणीत लिहायचा की मराठीत, यावर ऑफिसात महिनाभर नुसती डोकेफोड चालली होती. एकानं मराठीसाठी राजीनामा द्यायची धमकी दिली, दुसऱ्यानं कोंकणीसाठी जेवण सोडलं. दुपारचंच सोडलं, संध्याकाळी पाव-भाजी खाल्ली. शेवटी बोर्ड दोन्हींत लिहिला. रंगाऱ्याला आणायला-सोडायला जेलाची जीप सारखी म्हापशाला धावत होती. आणि त्याच दिवसांत आतल्या कोठडीत एक बाई पोटुशी होती, तिला दवाखान्यात न्यायला मात्र जीप मोकळी नव्हती. आता बोला.

ती बाई म्हणजे रंजना. बेळगावकडची. मोरजीला किनाऱ्यावर कोणाचं तरी गेस्ट हाऊस उठत होतं, तिथं ती आणि तिचा नवरा दिनकर खडी वाहत होते. मालकिणीची सोन्याची पाटली गेली. पोलीस येतायत म्हटल्यावर सगळे मजूर पसार झाले, दिनकर सगळ्यांत पुढं. रंजनाला सातवा लागलेला, ती कुठं धावणार? जी पळू शकली नाही ती चोर ठरली. जामिनाला उभं राहायला ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. केस पुढं, आणखी पुढं, अशी ढकलली जात होती आणि पोट काही कोर्टाची तारीख बघत थांबत नव्हतं.

बायकांच्या कोठडीत तेव्हा ती एकटीच होती. एक बादली, एक चटई, आणि संडास म्हणजे कोपऱ्यातला खड्डा, त्याला आडोसा म्हणून पोतं टांगलेलं. जेवण तेच, कैद्यांचं आणि सगळ्या स्टाफचं एकाच चुलीवर शिजलेलं: भात आणि पाण्यासारखी आमटी. पोटुशा बाईला दूध द्यावं असा नियम आहे, हे प्रभावतीला जुन्या शिपायाकडून कळलं. तिनं विचारलं तेव्हा ऑफिसातला माणूस म्हणाला, "नियम आहे गो, पण दूध नाही." आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. शी! त्या दिवसापासून प्रभावती घरून पेलाभर दूध बाटलीत भरून आणू लागली.

जेलाचा डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. आत शिरायचा नाही. गजांपलीकडून म्हणायचा, "जीभ दाखव." जीभ बघून पांढऱ्या गोळ्या द्यायचा. खोकला असो, खरूज असो, गर्भ असो, गोळी तीच. रंजनाच्या पोटाला त्यानं हात लावला नाही, नाडी धरली नाही. एकदा प्रभावती म्हणाली, "डॉक्टर, आत या ना जरा." तर नाकाला रुमाल लावून म्हणाला, "वास येतो." वास येतो म्हणे! मेल्या, ती त्याच वासात राहते, तिथंच जेवते, तिथंच निजते!

श्रावण सरत आला तशी रंजना सुजायला लागली. आधी पावलं, मग पिंढऱ्या, मग तोंड. सकाळी उठली की डोळे उघडायचे नाहीत. म्हणायची, "अक्का, डोस्कं लई ठणकतंय. डोळ्यांम्होरं काजवं चमकत्यात." हळर्णला प्रभावतीची धाकटी भावजय अशीच सुजली होती, असेच काजवे म्हणाली होती, आणि झटके येऊन पोरासकट गेली होती.

ती तडक जेलरकडे गेली. जेलर रघुनाथबाब डिचोलीच्या चांगल्या घरातला. कपाळाला गंध, शर्टाला इस्त्री, बोलणं साखरेत घोळलेलं. त्यानं कधी कुठल्या कैद्यावर हात उचलला नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. हात उचलला नाही हे खरंच. कोणासाठी बोटही उचललं नाही, हे मात्र सांगायचा नाही.

"बाब, तिचे पाय बघा एकदा. बोट दाबलं की खड्डा पडतो."

"अगो प्रभाबाय, गरवार बाईचे पाय सुजतातच. माझ्या बायलेचे पण सुजलेले."

"तिला तुम्ही दवाखान्यात नेलेली ना?"

"ती माझी बायल, गो!" रघुनाथबाब खरोखर चकित होऊन म्हणाला.

मग चवथ जवळ आली आणि जेलाचा नूरच पालटला. तिथं दरवर्षी पाच दिवसांचा गणपती बसायचा. देवाच्या कामात रघुनाथबाबाला काही कमी पडलेलं खपायचं नाही. भिंतींना रंग लागला, आरतीला गावातली माणसं येणार म्हणून खुर्च्या आल्या. आणि माटोळी! गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या त्या लाकडी चौकटीला सुपारीचे घड, नारळ, काकड्या, रानातली फळं काय काय हवं असतं. ते गोळा करायला ड्रायव्हर सगुण जीप घेऊन दिवसभर रानोमाळ हिंडायचा. प्रभावती रोज जीप मागायची, रोज तिच्या हाताला वाटाण्याच्या अक्षता लागायच्या. "चवथ होऊ दे गो," रघुनाथबाब म्हणायचा, "मग बघू."

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी रंजनाला उलट्या सुरू झाल्या. पाणीसुद्धा ठरेना. प्रभावती कोठडीतून बाहेर आली ती पदर खोचूनच. समोर रघुनाथबाब स्टुलावर उभा राहून स्वतःच्या हातानं माटोळी बांधत होता. आता ह्या माणसाला नियम सांगून उपयोग नाही, दया मागून तर नाहीच, हे तिला कळून चुकलं होतं. आणि तिच्या डोक्यात एकदम काय आलं कोण जाणे.

"बाब, एक विचारू? इथं सोयर आलं तर गणपती बसवायचा की नाही?"

रघुनाथबाबाच्या हातातला नारळ थांबला. "कसलं सोयर?"

"रंजनाचं. दुखायला लागलंय. आज-उद्या आत बाळंत झाली म्हणजे?"

"तिचं सोयर आम्हाला कशाला लागेल? ती खंयची, आम्ही खंयचे!"

"चूल एक ना बाब? तिच्या ताटातला भात आणि तुमच्या ताटातला भात एकाच टोपातला. एका चुलीवरचं खातात ते एक घर. आमच्या हळर्णात तरी असंच पाळतात."

हळर्णात असं कोणी पाळत नव्हतं. जन्माचं सोयर लागतं ते भावकीला, हे शेंबडं पोरही सांगेल. भटाला विचारलं असतं तर तो पोट धरून हसला असता. पण विचारायचं कोणी? विचारलं आणि भट म्हणाला, "हो, लागतं," तर? बांधलेली माटोळी उतरवायची? गावाला काय तोंड दाखवायचं? रघुनाथबाब स्टुलावरून खाली उतरला, घाम पुसला आणि ओरडला, "सगुणा! जीप काढ! आत्ताच्या आत्ता!"

इतके दिवस सुजलेल्या पायांनी जी जीप हलली नाही, ती विटाळाच्या नुसत्या नावानं हलली. प्रभावतीला हसूही आलं आणि थुंकावंसंही वाटलं.

दवाखान्यात रंजनाला खाटेवर घेतलं आणि सोबत आलेल्या शिपायानं तिच्या पायात बेडी घालून ती खाटेच्या लोखंडाला अडकवली. कळा देणारी बाई! प्रभावती त्याच्या अंगावरच गेली. "कुठं पळणार आहे ती? अर्धं पोर बाहेर घेऊन पळेल?" शिपाई म्हणाला, "ऑर्डर." त्या बेडीतच रंजना बाळंत झाली. मुलगी झाली, उंदराएवढी, पण रडली चांगली. प्रभावतीनं नाळ कापलेली बघितली आणि तिचा जीव जरा खाली पडला.

तिला वाटलं, सुटली बाई. पण खरी घाण अजून पुढंच होती.

चवथीच्या गर्दीत दवाखान्यानं रंजनाला तिसऱ्या दिवशी घरी जा म्हटलं. घर कुठलं? जीप जेलाच्या फाटकाशी आली आणि रघुनाथबाब दोन्ही हात पसरून आडवा झाला. आत गणपती होता. ओली बाळंतीण, अकरा दिवसांचं सोयर, आत कशी घ्यायची? प्रभावतीनंच तर सांगितलं होतं, एक चूल, एक घर!

"अहो बाब, ते मी असंच..." प्रभावती म्हणायला गेली. खोटं बोलले म्हणावं तर नोकरी जाईल. आणि म्हटलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं, कारण ते खोटं आता त्याच्या सोयीचं झालं होतं.

"देवाला चालत नाही गो," रघुनाथबाब गोड आवाजात म्हणाला. "चार दिवसांचा तर प्रश्न."

आणि रंजनाला कुठं ठेवली? भिंतीबाहेर, स्वयंपाकघराच्या मागं, सरपणाची खोप होती तिथं. छपराच्या पत्र्यांतून पाणी गळत होतं, खाली ओली लाकडं, लाकडांत वाळवी, कोपऱ्यात घुशीचं बीळ. दाराला बाहेरून कुलूप, कारण कैदी तो कैदी. एक फाटकी घोंगडी दिली. जेवणाचं ताट कैदी स्वयंपाकी दाराखालच्या फटीशी ठेवून पायानं आत ढकलायचा. पायानं! दवाखान्यानं दिलेल्या गोळ्या जीपमध्येच राहिल्या आणि सगुणानं पुढच्या खेपेत फळांच्या पाट्या चढवताना त्या कुठंतरी फेकल्या. इकडं खोपीत पोर रडायचं आणि पलीकडं झांजा वाजायच्या.

खोपीची किल्ली तेवढी प्रभावतीकडं होती. रोज सकाळी ती आधी खोपीत जायची, गरम पाण्यानं रंजनाला आणि पोरीला अंघोळ घालायची, कपडे बदलायची, घरून आणलेली पेज पाजायची. मग विहिरीवर स्वतः डोक्यावरून घागर ओतून घ्यायची आणि त्यानंतर नैवेद्याच्या स्वयंपाकाला बसायची. हो, नैवेद्य तीच करत होती. रघुनाथबाबाला देवासाठी कैद्याच्या हातचं नको होतं, आणि स्टाफमध्ये चुलीपाशी बसणारी चांगल्या घरातली बाई ती एकच. "तुझ्या हातच्या पातोळ्या म्हणजे काय सांगू, प्रभाबाय!" असं म्हणून तो बोटं चाटायचा.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी तिनं खोपीचं कुलूप काढलं आणि तिथंच थबकली. आतून वास आला. ओल्या लाकडाचा नव्हे, तो निराळाच, कुजका. रंजना भिंतीला टेकून बसली होती, दात वाजत होते, अंग तव्यासारखं तापलेलं. पोरीला छातीशी धरायलाही हातात जोर नव्हता. प्रभावतीनं तिच्या खालचं फडकं काढलं आणि तिला सगळं कळलं. बाळंतताप. आत काहीतरी सडत होतं.

"अक्का," रंजना म्हणाली, "पोरीला तू न्हेशील का गं?"

"गप बस! तूच नेशील!" प्रभावती ओरडली आणि धावली.

रघुनाथबाब सोवळं नेसून बसला होता. तिनं सांगितलं, अक्षरशः पाय धरायचे बाकी ठेवले. तो म्हणाला, जीप भटजींना आणायला गेलीय. मग म्हणाला, जीपमधूनच संध्याकाळी गणपती नदीवर न्यायचा, त्यात बाळंतीण कशी बसवायची? मग म्हणाला, विसर्जन झालं की लगेच. दवाखान्यात फोन करू का विचारलं तर म्हणाला, चवथीच्या दिवसांत तिथं कोण उचलणार? प्रत्येक वेळी तोंडावर तेच हसू. "देवाचं काम गो. देवच बघेल तिला."

प्रभावती तिथं उभीच राहिली. तिला आता राग नव्हता, किळस आली होती. त्या सोवळ्याची, त्या गंधाची, त्या गोड आवाजाची. कुजका वास खोपीत येत होता तसाच तिला इथंही आला.

ती खोपीत परत गेली. रंजनाला पुसली, घाण फडकी काढली, कोरडी घातली, पाणी पाजलं. मग साबण लावून कोपरापर्यंत हात स्वच्छ धुतले आणि स्वयंपाकघरात गेली. विहिरीवर गेली नाही. साडी तीच, अंग तेच, केस तेच. देवाला मनात म्हणाली, "तुला राग आला तर माझ्यावर काढ, पण मला तुझा राग येईल असं करू नको." आणि तांदूळ वाटायला घेतले. हळदीच्या पानांवर पीठ थापलं, गूळ-खोबरं भरलं, पातोळ्या उकडल्या. इतक्या मऊ पातोळ्या तिच्या हातून पूर्वी कधी झाल्या नव्हत्या.

दुपारी नैवेद्य दाखवून पंगत बसली. भटजी, रघुनाथबाब, ऑफिसातली माणसं, शिपाई. जीप दारात उभी होती. प्रभावतीनं सगळ्यांना वाढलं, रघुनाथबाबाला आग्रह करून आणखी वाढलं. "घ्या बाब, आजच्या दिवस." तो घेत होता. त्याच्या हनुवटीवर गुळाचा पाक ओघळला.

मग तिनं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाब, मी आज विहिरीवर गेले नाही हां."

"म्हणजे?"

"सकाळी बाळंतिणीचं सगळं केलं. तिचं रक्त, तिचा पू, तिची फडकी. आणि तशीच चुलीपाशी बसले. हात धुतलेत, काळजी नको. पण न्हाले नाही. सोयर आता तुमच्या सगळ्यांच्या पोटात आहे, आणि नैवेद्यातून देवाच्याही."

भटजीचा घास हातात तसाच राहिला. ऑफिसातला एकजण उठून नळाकडं धावला आणि घशात बोटं घालू लागला. बाई खोपीत सडत होती तेव्हा ह्यातल्या एकाची मान वळली नव्हती. आता सगळ्यांना ओकाऱ्या यायला लागल्या!

"हळू बोल गो, हळू बोल!" रघुनाथबाबाचे डोळे पांढरे झाले होते.

"हळू कशाला?" प्रभावतीचा आवाज चढला. "आरतीला गाव येईल, त्यांनाही सांगते. विटाळलेला गणपती नदीवर नेणार ना तुम्ही? तो विटाळ माझ्या हातून पाटावर गेलाय, तुमच्या हातून नदीत जाईल. जीप द्या. नाहीतर इथंच फाटकात बसते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगते."

"ने! जीप ने! घेऊन जा त्या रांडेला, पण तोंड बंद ठेव!"

गोडवा संपला होता. आतला माणूस एकदाचा बाहेर आला. प्रभावतीला उलट बरं वाटलं.

ती खोपीकडं गेली. रंजनाला उभं राहवेना. तिला दोन्ही हातांनी उचलायची तर पोरीचं काय? सगुण जीप लावत होता, बाकीचे लांब उभे. मागोमाग रघुनाथबाब आला होता, ती खरंच कोणाला काही बोलत नाही ना हे बघायला. प्रभावतीनं पोरगी उचलली आणि सरळ त्याच्या सोवळ्यावर ठेवली.

"धरा."

त्याला मागं सरता आलं नाही. सरला असता तर पोर खाली पडलं असतं, आणि सगळे बघत होते. त्यानं ते अंगापासून लांब धरलं, हात ताठ करून, तोंड वळवून.

"अशी नाही," प्रभावती रंजनाला खांद्यावर घेत म्हणाली. "डोक्याखाली हात घाला, मान लुळी असते."

दवाखान्यात रंजनाला लगेच आत नेलं. वार आत राहिली होती, तीच कुजत होती. डॉक्टर तरुण होता, हुशार होता, हात भराभर चालत होते. दोन-अडीच तासांनी तो बाहेर आला आणि म्हणाला, वाचेल, पण आणखी एक रात्र गेली असती तर नाही. पोरगी प्रभावतीच्या मांडीत झोपली होती.

मग डॉक्टरनं चष्मा काढून पुसला आणि जरा रागावून विचारलं, "इतका उशीर का केला? आधी का नाही आणली?"

प्रभावतीनं त्याच्याकडं बघितलं. एवढा शिकलेला माणूस, ह्याला तरी सांगावं सगळं, असं तिला वाटलं. जीप, खोप, बेडी, सगळं.

"जेलात गणपती होता, हिला बाहेर खोपीत ठेवलेली," ती म्हणाली.

"हां, चवथ ना," डॉक्टर मान हलवत म्हणाला. त्याचा राग लगेच गेला. "मग काय करणार. सोयर असताना कशी ठेवायची त्यांनी आत." आणि तो हात धुवायला निघून गेला.

प्रभावतीनं पोरगी शेजारच्या बाईकडं दिली, बाहेर पायरीवर गेली आणि गटाराकडं वाकून ओकली.